मिथिक प्लसमध्ये टँक: की लावण्याआधीची तयारी, पुलचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मिथिक प्लस डंजनमध्ये पाच जण जातात: तीन डीपीएस (शत्रूंना मारणारे), एक हीलर (गटाची हेल्थ भरणारा), एक टँक (शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा). एखादा डीपीएस चुकला तर उरलेले दोघे सावरून घेतात. टँक चुकला तर चार-पाच सेकंदांत सगळे आडवे. शिवाय वाट कुठली, एका वेळी किती शत्रू ओढायचे (अशा एका ओढण्याला पुल म्हणतात), थांबायचं कुठे, हे सगळं कुणी न सांगता टँकच्या गळ्यात पडतं. बरेच जण दोन-चार की (डंजन ठरावीक पातळीवर आणि ठरावीक वेळेत खेळायची किल्ली; पातळी +२, +४ अशी लिहितात) खेळतात, बोलणी खातात आणि गुपचूप डीपीएसकडे परत जातात.

अशांपैकी बहुतेकांचा बटणांवरचा हात बरा असतो. पण घरी शांतपणे उरकायचे निर्णय ते दहा शत्रू अंगावर घेऊन करत बसतात, आणि ताण तिथून येतो. म्हणून या लेखात लढाईपेक्षा लढाईआधीचा भाग मोठा आहे. आकडे 'द वॉर विदिन'च्या काळातले आहेत. पॅचगणिक ते थोडे हलतात, तेव्हा आपल्या पात्राच्या बटणांची टूलटिप (माउस नेला की दिसणारं वर्णन) एकदा वाचून घ्या.

पायरी १: एकच टँक धरा आणि बटणं तीन डब्यांत टाका

पर्याय सहा: प्रोटेक्शन वॉरियर, प्रोटेक्शन पॅलाडिन, ब्लड डेथ नाइट (डीके), गार्डियन ड्रुइड, ब्रूमास्टर मंक आणि व्हेंजन्स डीमन हंटर. मार झेलायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. वॉरियर ढालीने अडवतो. ड्रुइड आयर्नफरचे थर एकावर एक चढवतो. ब्लड डीके आधी मार खातो आणि मग डेथ स्ट्राइक मारून गेल्या ५ सेकंदांतल्या माराचा हिस्सा भरून काढतो. ब्रूमास्टर मार उधारीवर ठेवतो आणि प्युरिफाइंग ब्रू पिऊन साठलेल्या उधारीतली अर्धी पुसून टाकतो.

हे इतकं सांगण्याचं कारण म्हणजे हेल्थ बार वाचायची नजर क्लासप्रमाणे बदलते. ब्लड डीके ३०% वर असेल तरी पुढच्या बटणाला वर येतो. वॉरियर तिथे पोहोचला असेल तर मागे काहीतरी नक्की हुकलेलं आहे. दर आठवड्याला टँक बदलणाऱ्याची ही नजर तयारच होत नाही. निदान एक सीझन एकाच टँकवर काढा.

आता बचावाची बटणं वाटून घ्या. इथे उदाहरण वॉरियरचं घेऊ.

पहिला डबा रोजच्या वापराचा. शील्ड ब्लॉक: ३० रेज (वॉरियर लढताना कमावतो ती शक्ती), ६ सेकंद टिकतो, दोनदा साठवता येतो. सोबत थोडा मार शोषणारा इग्नोर पेन. हा डबा लढाईभर चालू राहिला पाहिजे.

दुसरा डबा दर पुलला एकदा उघडायचा. डिमोरलायझिंग शाउट: ४५ सेकंदांनी परत मिळतो, ८ सेकंद शत्रूंचा तुमच्यावरचा मार २०% कमी करतो. जादूचा मार असेल तर स्पेल रिफ्लेक्शनही याच डब्यात.

तिसरा डबा मोठ्या पुलसाठी. शील्ड वॉल ८ सेकंद मार ४०% ने कमी करतो, तर लास्ट स्टँड १५ सेकंद हेल्थ ३०% ने वाढवतो.

चुका दोन प्रकारच्या, आणि दोन्ही एकाच माणसाकडून होतात. घाबरून तिन्ही डबे एकदम उघडले जातात, ८ सेकंदांनी हाती काहीच उरत नाही आणि शत्रू मात्र निम्मे जिवंत असतात. नाहीतर शील्ड वॉल 'खऱ्या संकटासाठी' राखून ठेवला जातो आणि न वापरताच मरण येतं.

*सावधान:* वॉरियरची ढाल फक्त समोरून येणारा शारीरिक मार अडवते. पाठीमागून आलेला घाव किंवा जादूचा गोळा शील्ड ब्लॉक चालू असला तरी पुरता लागतो. 'ब्लॉक चालू होता तरी मेलो' अशी तक्रार असेल तर आधी हे दोन पाहा.

पायरी २: स्क्रीन आणि बोटं

कॅमेऱ्याचं अंतर सेटिंगमध्ये कमाल करा. टँकला आपल्या पायाखालची जमीन आणि पुढचा गट एकाच वेळी दिसायला हवा.

शत्रूंच्या नेमप्लेट (डोक्यावरच्या नावाच्या आणि हेल्थच्या पट्ट्या) कायम चालू ठेवा आणि एकमेकींवर चढण्याऐवजी रचून दिसतील असा पर्याय निवडा. दहा पट्ट्या एकावर एक चढल्या तर कोण तुमच्यावर आहे आणि कोण हीलरकडे निघालाय हे कळत नाही. ॲग्रो सुटलेल्या, म्हणजे तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या शत्रूची पट्टी वेगळ्या रंगात दिसते का, हे साध्या डंजनमध्ये तपासून घ्या. पुलच्या पहिल्या काही सेकंदांत नजर स्वतःच्या हेल्थवर न ठेवता या रंगांवर ठेवायची असते.

टाँट (शत्रूला स्वतःकडे वळवणारं) आणि इंटरप्ट (शत्रूची जादू मध्येच तोडणारं) ही दोन बटणं माउसखाली असलेल्या शत्रूवर जातील असे मॅक्रो (एका बटणात बसवलेले आदेश) करा. टार्गेट बदलून, टाँट मारून, परत जुन्या टार्गेटवर येण्यात जो वेळ जातो तेवढ्यात हीलर संपतो.

बचावाची बटणं डाव्या हाताच्या टप्प्यात हवीत. कसोटी सोपी: स्क्रीनकडे न बघता, सरावाच्या पुतळ्यावर मारता मारता, 'वॉल' म्हटल्यावर एका सेकंदात वॉल दाबता येतो का? बोट शोधत असेल तर ते बटण जागच्या जागी नाही.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक जास्तीचं काम. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. युरोप किंवा ओशिआनियाच्या सर्व्हरवर खेळावं लागतं आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) शंभर मिलीसेकंदांच्या बराच वर राहतो. गेम मेनूच्या बटणावर माउस नेला की आकडा दिसतो. पिंग जास्त असेल तर जमिनीवरच्या धोक्याच्या वर्तुळातून अर्धा सेकंद आधी निघा आणि बॉसचा मोठा घाव यायच्या क्षणी ब्लॉक दाबण्याऐवजी कास्ट (हल्ला तयार होतानाची पट्टी) निम्मा भरला की दाबा. युरोपची संध्याकाळ ७ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ११:३० आणि उन्हाळ्यात १०:३०. गट त्या वेळी जमतात. झोपेत पेंगत टँक खेळायचा नसतो, आणि पावसाळ्यात राउटर इन्व्हर्टरवर असल्याशिवाय दुसऱ्याची की हातात घ्यायची नसते.

पायरी ३: वाट कागदावर आखा

सगळ्यात जास्त टाळली जाणारी आणि सगळ्यात जास्त कामाची पायरी हीच.

मिथिक प्लसमध्ये बॉस मारणं पुरत नाही, शत्रुबळाची पट्टी १००% भरावी लागते. कुठल्या शत्रूचे किती टक्के हे ठरलेलं असतं. मिथिक डंजन टूल्स या ॲडऑनमध्ये (खेळाला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) डंजनचा नकाशा उघडून गट निवडत गेलं की बेरीज समोर दिसते. दुसऱ्या कुणाची तयार वाट घेतली तरी चालेल, पण ती डोळे झाकून वापरू नका. वरच्या कीसाठी आखलेल्या वाटेत पाच-पाच गट एकत्र ओढलेले असतात. +४ च्या गटात तेवढं मारून काढायची ताकद नसते आणि तुमच्यातही तेवढं झेलायची नसते.

क्रम असा ठेवा:

१. आधी सगळे बॉस कुठल्या क्रमाने मारायचे ते ठरवा.

२. वाटेवरचे टाळता न येणारे गट घ्या आणि टक्के मोजा.

३. उरलेले टक्के सोप्या गटांतून भरा. एकूण १०१ ते १०२% ठेवा. शेवटचा बॉस पडला आणि पट्टी ९८% वर अडकली तर मागे धावत जावं लागतं. उलट १०६% झाले म्हणजे एक अख्खा पुल फुकट केला.

४. प्रत्येक पुलसमोर बचावाचं एक बटण लिहा. लक्षात ठेवू असं म्हणू नका, कागदावर लिहा.

शेवटचा मुद्दा जवळून बघू. एका वॉरियरच्या कागदावरच्या पहिल्या चार ओळी अशा असतील:

पुल १: दोन गट. शाउट.
पुल २: तीन गट, ब्लडलस्ट (सगळ्या गटाचा वेग वाढवणारं बटण). शील्ड वॉल, तो संपता संपता शाउट.
पुल ३: एक गट, मोठा कास्टर (जादू टाकणारा). फक्त ब्लॉक. इंटरप्ट राखून ठेव.
पुल ४: दोन गट. लास्ट स्टँड.

पुल २ मोठा आहे कारण ब्लडलस्ट तिथे आहे. तो ४० सेकंद टिकतो आणि पुन्हा घ्यायला १० मिनिटं थांबावं लागतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या कीमध्ये तीनदा. पुल ३ मुद्दाम लहान आहे, कारण तेव्हा डीपीएसची मोठी बटणंही परत यायची असतात आणि तुमचा वॉलही. मोठा, लहान, मध्यम, मोठा अशी लय जमली की 'टँक हळू आहे' अशी तक्रार सहसा येत नाही. सगळेच पुल मध्यम ठेवणारा टँक सगळ्यांना रटाळ वाटतो, आणि वेळही तोच जास्त घालवतो.

त्या आठवड्याचा बदलही बघा. फोर्टिफाइडमध्ये साध्या शत्रूंची हेल्थ आणि मार वाढतो, टिरॅनिकलमध्ये बॉसचा. गेल्या आठवड्याची टिरॅनिकलची वाट फोर्टिफाइडमध्ये जशीच्या तशी वापरली तर पुल २ मध्येच गडबड होईल.

*तपासा:* कागद बंद करून पहिल्या बॉसपर्यंतचे पुल तोंडाने सांगता येतात का? नसतील तर की अजून लावू नका.

पायरी ४: सराव, पण योग्य शिडीने

पहिली पायरी फॉलोअर डंजन. तिथे बाकी चौघे संगणकाचे असतात, ते शिव्या देत नाहीत आणि तुम्ही चुकीच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहिलात तरी सोडून जात नाहीत. इथे वाट, दरवाजे, कोपरे आणि गस्तीवर फिरणारे शत्रू बघून घ्या. माराचा अंदाज मात्र इथे येत नाही. त्यासाठी चढत्या अवघडपणाने हिरोइक, मग मिथिक शून्य (की नसलेलं मिथिक), मग +२.

इथे एक सापळा आहे. पाचात टँक एकच लागतो, त्यामुळे डीपीएसला अर्धा अर्धा तास ताटकळावं लागतं आणि टँकने नाव टाकलं की मिनिटभरात बोलावणं येतं. +८ च्या गटाने बोलावलं म्हणजे तुम्ही +८ साठी तयार आहात असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांना फक्त टँक हवा आहे. एका पातळीवर तीन वेगवेगळ्या डंजनमध्ये वेळेत आलात की पुढची पातळी घ्या.

शक्यतो स्वतःच्या कीने सुरुवात करा. वेळ चुकली तर की एका पातळीने खाली येते, आणि ती आपली असेल तर कुणाला तोंड द्यावं लागत नाही. गट निवडायचा आणि वेग ठरवायचा हक्कही की असलेल्याकडे राहतो.

पायरी ५: दारात

की लावल्यावर १० सेकंदांची उलटी मोजणी होते, मग अडसर उठतो. त्याआधी एवढं उरका:

दुरुस्ती. प्रत्येक मरणाला अंगावरच्या वस्तूंची १०% झीज होते. ४०% वर असलेलं चिलखत घेऊन आत गेलात तर चार मरणांत ते कुचकामी.

टॅलेंट (पात्रासाठी निवडलेली कौशल्यं). की सुरू झाल्यावर ते बदलता येत नाहीत.

फ्लास्क, खाणं, हत्याराचं तेल, हीलिंग पोशन. गटात वॉरलॉक असेल तर हेल्थस्टोन मागून घ्या, लाजू नका.

गटात काय आहे ते बघा: ब्लडलस्ट कुणाकडे, लढाईत उठवणारा कोण, शाप किंवा विष काढणारा आहे का, शत्रूंना मंद करणारी बटणं कुणाकडे. ड्रुइड, डीके, वॉरलॉक, पॅलाडिन यांपैकी कुणीच नसेल तर लढाईत उठवणारा नाही. मग पुल २ मधला तिसरा गट कमी करा. वाट गटाप्रमाणे वाकवायची असते.

मग चॅटमध्ये दोन ओळी. पहिली: ब्लडलस्ट दुसऱ्या पुलला आणि शेवटच्या बॉसला. दुसरी, शत्रूंच्या डोक्यावर लावलेल्या खुणांबद्दल: कवटी असेल तो आधी, चंद्रवाल्याचे कास्ट अमक्याने थांबवायचे. या डंजनमध्ये टँक म्हणून पहिलीच वेळ असेल तर तेही लिहा. ज्याला ते चालणार नाही तो इथेच निघून जाईल. बाराव्या मिनिटाला जाण्यापेक्षा ते परवडलं.

पायरी ६: पुल, सेकंदागणिक

पुलमधला सगळ्यात जास्त मार पहिल्या ५ ते ८ सेकंदांत पडतो. तेव्हा सगळे शत्रू जिवंत असतात, कुणी स्टन (सुन्न) झालेला नसतो आणि तुमचा बचाव अजून सुरू व्हायचा असतो. म्हणून बचावाचं बटण सुरुवातीला दाबायचं. हेल्थ ४०% वर येईपर्यंत थांबणारा टँक बटण उशिरा दाबतो, आणि हीलरचा अर्धा माना (जादूसाठी लागणारी शक्ती) तेवढ्यातच जातो.

*उणे १० सेकंद.* हीलरचा माना, स्वतःची पहिल्या दोन डब्यांतली बटणं, कागदावरची ओळ.

*उणे ३.* पाठ कुठे टेकवणार ती भिंत ठरवा. शत्रू ढकलणारे असतील तर पाठीला भिंत हवीच, नाहीतर उडून मागच्या गटात पडाल आणि तोही उठेल.

*शून्य.* शिरा. इथे वॉरियरचा एक बारकावा आहे. लढाईबाहेर रेज ओसरतो, म्हणून शिरताना तो शून्य असतो. चार्जचे (शत्रूवर धावून जाण्याच्या बटणाचे) २० मिळतात, ब्लॉकला ३० लागतात. नवा माणूस चार्ज करून ब्लॉक, ब्लॉक, ब्लॉक दाबत राहतो आणि काहीच होत नाही. मध्ये एक शील्ड स्लॅम घाला: २० आणि १५ मिळून ३५, मग ब्लॉक. बूमिंग व्हॉइस टॅलेंट असेल तर डिमोरलायझिंग शाउटही रेज देतो. मोठ्या पुलमध्ये तो आधी मारला की एका दगडात दोन पक्षी.

*१ ते ३ सेकंद.* प्रत्येक शत्रूला निदान एक घाव लागला पाहिजे. वॉरियर असाल तर थंडर क्लॅप, आणि सगळे त्याच्या टप्प्यात आलेत का ते बघा. ज्याला तुम्ही हात लावला नाही तो हीलरकडे जातो, कारण हीलरने भरलेल्या हेल्थचा थ्रेट (शत्रू कुणावर जाईल ते ठरवणारा हिशोब) लढाईतल्या सगळ्या शत्रूंवर चढतो. 'मी तर त्याला काही केलंच नाही' असं हीलर म्हणतो ते खरंच असतं.

*३ ते ५.* नेमप्लेटचे रंग. कुणी सुटलाय? जवळून मारणाऱ्याने तुमच्या थ्रेटच्या ११०% आणि लांबून मारणाऱ्याने १३०% ओलांडले की शत्रू त्याच्याकडे वळतो. टाँटने शत्रू ३ सेकंद तुमच्याकडे येतो आणि तुमचा थ्रेट सगळ्यात वर असलेल्याइतका होतो, पण त्या ३ सेकंदांत त्याला चांगला घाव घातला नाही तर तो परत जातो. नुसता टाँट मारून पाठ फिरवणं ही फार सर्रास चूक आहे.

*५ च्या पुढे.* पहिला डबा चालू ठेवा, इंटरप्ट वापरा. टँकचा साधा इंटरप्ट १५ सेकंदांनी परत येतो, म्हणजे पुलमध्ये फार तर दोन-तीन कास्ट तुमच्या वाट्याचे. ते कुठले हे आधीच ठरलेलं हवं. सगळ्यांनी एकाच कास्टवर इंटरप्ट टाकले की पुढचा कास्ट मोकळा सुटतो. स्टनचंही तसंच, पाठोपाठ टाकले तर अर्धे-अर्धे होत जातात आणि मग शत्रू दादच देत नाही.

लांबून जादू टाकणारे शत्रू ओढणं हा वेगळा विषय आहे. ते स्वतःहून जवळ येत नाहीत. त्यांना एकदा लांबून मारा आणि कोपऱ्याआड जा. तुम्ही दिसेनासे झालात की ते चालत येतात. चूक अशी होते की टँक कोपऱ्याला लागूनच थांबतो. मग शत्रू वळणावर येतात, तुम्ही दिसलात की तिथेच रुततात, आणि गट दोन जागी फुटतो. वळणापासून आठ-दहा यार्ड आत शिरून थांबा, म्हणजे तेही आत येतात. ते पोहोचेपर्यंत डीपीएसने हात आवरायचे असतात, हे दारातच सांगून ठेवा.

सरकायचं असेल तर मागच्या बाणाने उलटं चालू नका. उलट्या चालीचा वेग धावण्यापेक्षा बराच कमी असतो आणि वर्तुळ तोवर फुटतं. पाठ फिरवून पळालात तर ढाल गेली. तिरकं, बाजूने सरका. शत्रू समोरच राहतात आणि वेगही पूर्ण मिळतो.

*तपासा:* पुल संपताना तिसऱ्या डब्यातलं न ठरवलेलं बटण गेलं का? गेलं असेल तर पुढचा पुल एका गटाने लहान करा.

पायरी ७: दोन पुलांच्या मध्ये

शेवटचा शत्रू १०% वर आला की पुढच्या गटाकडे निघायला हरकत नाही, डीपीएस तो संपवतात. पण निघण्याआधी हीलरकडे बघा. माना ४०% च्या खाली असेल तर एकतर पाणी पिऊ द्या किंवा लहान पुल घ्या. पाणी प्यायला लागणारे दहा-पंधरा सेकंद वाचवायचे म्हणून अख्खा गट मारून घेणारे टँक रोज दिसतात. घाटातली पाटी इथेही चालते: अति घाई संकटात नेई.

एका मरणामागे खालच्या कीमध्ये ५ सेकंद आणि वरच्या कीमध्ये १५ सेकंद वजा होतात. पाच जण मेले, वर धावत परत यायचं, म्हणजे दोन मिनिटं सहज गेली.

पायरी ८: बॉस

बॉससमोर टँकची कामं मोजकी. तोंड गटापासून फिरवून ठेवणं, कारण समोरच्या पट्ट्यात येणारे घाव बहुतेक टँकसाठीच असतात. मोठ्या घावाला बचाव लावणं. आणि जागा बदलणं.

तिसरं काम सगळ्यात जास्त विसरलं जातं. आरा-कारा या डंजनचा पहिला बॉस ॲव्हॅनॉक्स घ्या. लढाईत भुकेली पिल्लं बाहेर पडतात आणि ती बॉसच्या तोंडाशी आली तर बॉस त्यांना खाऊन आणखी जोराने मारायला लागतो. डीपीएस पिल्लं मारतात, पण बॉसला त्यांच्यापासून दूर नेणं टँकच्याच हातात असतं. जो टँक मध्यभागी खिळून उभा राहतो त्याला वाटतं की हीलर कमी पडतोय. जाळं नसलेली बाजू लढाईआधीच हेरून ठेवा आणि पिल्लं निघायच्या बेताला तिकडे चालू लागा.

प्रत्येक बॉससाठी एवढं लिहून ठेवलं तरी भागतं: मोठ्या घावाचं नाव, त्याला लावायचं बटण, उभं राहायची जागा. बाकी सगळं खेळातल्या ॲडव्हेंचर गाइडमध्ये टँकच्या चिन्हासमोर असतं.

पायरी ९: बिघडलं की

क्रम असा.

आधी हीलरवर गेलेला शत्रू. डीपीएसवर गेलेला नंतर, त्याच्याकडे स्वतःची बचावाची बटणं असतात. टाँट एकावरच चालतो आणि ८ सेकंदांनी परत येतो, तेव्हा तो हीलरवरच्या सर्वात जोरदार शत्रूसाठी ठेवा.

मग हीलरला बोलवा. घाबरलेला हीलर टँकपासून लांब पळतो आणि शत्रूही त्याच्यामागे लांब जातात. त्याने तुमच्या अंगावर यायला हवं. हे चॅटमध्ये लिहायला वेळ नसतो, म्हणून एका बटणाचा मॅक्रो करून ठेवा.

एखादा शत्रू फारच दूर गेला तर हातचे आठ सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. लांबून एक घाव मारा, येईल तो.

बचाव संपला आणि शत्रू निम्मे उरले तर उभं राहून मरू नका. पळा, पण गोलात, झालेल्या वाटेवर. पुढच्या गटाकडे पळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मंद करणारी बटणं गटातल्या कुणाकडे आहेत हे तुम्ही दारात पाहिलेलंच आहे.

लढाईत उठवण्याची संधी सुरुवातीला एक असते, मग दर १० मिनिटांनी एक, आणि ती सगळ्या गटात मिळून. ती हीलरसाठी राखा. पुलच्या सुरुवातीलाच दोघे मेले आणि संधी नाही, तर 'वाइप' (सगळे मरून पुन्हा सुरुवात) म्हणा आणि लवकर मरा. मिनिटभर एकट्याने झुंजून शेवटी मरण्यात ते मिनिटही गेलंच.

पायरी १०: चॅटमधला ताण

कुणीतरी 'गो गो' लिहिणार. कुणी तुमच्याआधी जाऊन पुल करणार. कुणी तिसऱ्याच वाटेचा सल्ला देणार. पाचामुखी परमेश्वर ही म्हण मिथिक प्लसमध्ये लागू नाही. की चालू असताना वाट एकाचीच असते.

दुसऱ्याने ओढलेला गट एकदा सावरून घ्या. दुसऱ्यांदा झालं तर एका ओळीत सांगा: पुल मी करतो. तिसऱ्यांदा झालं तर त्याला मरू द्या. टँकने प्रत्येक वेळी धावत जाऊन वाचवलं की ती सवयच लागते.

चूक तुमची असेल तर 'माझी चूक, वॉल उशिरा' एवढंच लिहून पुढे चला. चार ओळींचं स्पष्टीकरण टाइप करेपर्यंत गट थांबतो आणि भांडण वाढतं. शिवीगाळ सुरू झाली तर नावावर राइट क्लिक, इग्नोर, आणि रिपोर्ट. की संपेपर्यंत त्या माणसाला उत्तर देण्यात काही हशील नाही.

एका रात्री दोन की बिघडल्या तर तिसरी टँक म्हणून खेळू नका. डीपीएस खेळा, किंवा फॉलोअर डंजनमध्ये तोच बिघडलेला पुल पुन्हा ओढून बघा.

पायरी ११: की संपल्यावर पाच मिनिटं

डेथ रिकॅप मेल्या मेल्या उघडा, त्यात शेवटचे घाव दिसतात. प्रत्येक मरणाला तीन प्रश्न: घाव जादूचा होता की शारीरिक, तेव्हा पहिल्या डब्यातलं काय चालू होतं, तिसऱ्या डब्यातलं काय शिल्लक होतं. उत्तर कागदावरच्या त्या पुलसमोर लिहा.

सविस्तर पाहायचं असेल तर कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद) चालू ठेवून वॉरक्राफ्ट लॉग्स या संकेतस्थळावर चढवा आणि शील्ड ब्लॉक लढाईच्या किती टक्के वेळ चालू होता ते बघा. पुलच्या पहिल्या ५ सेकंदांत तो नव्हताच असं बहुतेक वेळा निघतं. तसं निघालं तर पायरी ६ मधला रेजचा हिशोब पुतळ्यासमोर उभं राहून वीस वेळा करा, चार्जपासून.